शांततेच्या काळात युद्धाचा सर्जन तयार कसा ठेवायचा?

एक तंबू डोळ्यासमोर आणा. आत दोन ऑपरेशन टेबलं, जनरेटरवरचे दिवे, मोजून ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्या आणि २० माणसं. अमेरिकन लष्कराची फॉरवर्ड सर्जिकल टीम म्हणजे बरीच वर्षं साधारण हेच होतं, २० जणांत तीन जनरल सर्जन, एक हाडांचा सर्जन, बाकी भूल देणारे, नर्स, टेक्निशियन, मेडिक (म्हणजे प्रथमोपचार करणारे सैनिक), आणि अपेक्षा अशी की बाहेरून काहीही सामान आलं नाही तरी ७२ तासांत ३० जखमींपर्यंत ऑपरेशनं या लोकांनी उरकायची. हेलिकॉप्टर उतरतं. स्ट्रेचरवरच्या पोराचा एक पाय सुरुंगाने मांडीपासून नेलाय, वर पट्टा आवळलाय म्हणून तिथलं रक्त थांबलंय, पण कंबरेच्या आत कुठेतरी शीर फाटलीये आणि पोट फुगत चाललंय. हाताशी मिनिटं आहेत, तास नाहीत.

आता मला नेहमी पडणारा प्रश्न असा की हा सर्जन तीन महिन्यांपूर्वी काय करत होता? तर बहुतेक हर्निया. नाहीतर दुर्बिणीतून पित्ताशय काढणं. त्यात त्याची काहीच चूक नाहीये, लष्करी हॉस्पिटलमध्ये शांततेच्या काळात येणार कोण, तर तरुण, धडधाकट, रोज पळणारे सैनिक आणि त्यांच्या घरची मंडळी. गुडघे दुखतात, बाळंतपणं होतात, अपेंडिक्स सुजतं. गोळी लागून लिव्हर फाटलेला माणूस तिथे वर्षवर्ष येत नाही. (देवाची कृपाच म्हणायची, पण सर्जनच्या हाताला त्याने वळण लागत नाही.)

हे नुसतं वाटणं नाही, मोजलेलं आहे. अमेरिकन लष्कराने आपल्या सर्जनसाठी एक मोजपट्टी बनवली, तिचं नाव ज्ञान-कौशल्य-क्षमता असं काहीसं, कल्पना अशी की तुम्ही वर्षभरात जी ऑपरेशनं करता त्यातली युद्धात उपयोगी पडतील अशी किती आणि ती किती अवघड यावरून गुण द्यायचे आणि एक किमान रेष ठरवायची. मग २०१५ ते २०१९ या वर्षांचा हिशोब मांडला गेला. २०१५ मध्ये लष्करी हॉस्पिटलांतले १६.७ टक्के जनरल सर्जन ती रेष गाठत होते, २०१९ मध्ये १०.१ टक्के. म्हणजे दहातला एक. आणि त्याच काळात लष्करी हॉस्पिटलांत होणाऱ्या जनरल सर्जरीच्या ऑपरेशनांची संख्या जवळपास चौथ्या हिश्श्याने घटली होती, कारण पेशंट बाहेरच्या हॉस्पिटलांकडे वळवले जात होते. लष्कराकडे सर्जन होते, पदव्या होत्या, गणवेश होते, फक्त पेशंट नव्हते.

हात विसरतो ही गोष्ट आपल्याला एरवी पटते, पेटी वाजवणाऱ्याला विचारा, दोन वर्षं पेटीला हात लावला नाही की काय होतं ते. पण सर्जनच्या बाबतीत आपण पदवी बघतो आणि निश्चिंत होतो. एक सर्जन विसरला तर ठीक, इथे अख्खं लष्कर एकदम विसरतं. ब्रिटिश नौदलाचे सर्जन अलास्डेअर वॉकर यांच्या नावावरून याला वॉकर डिप म्हणतात. डिप म्हणजे घसरण. युद्ध सुरू होतं तेव्हा जखमी जास्त मरतात, मग डॉक्टर शिकत जातात, युद्ध संपेस्तोवर कमाल हुशार होतात, मग शांतता येते, ती माणसं निवृत्त होतात, पैसे दुसरीकडे जातात, आणि पुढच्या युद्धाच्या पहिल्या दिवशी आलेख परत खाली. त्या घसरणीची किंमत पुढच्या युद्धात सगळ्यात आधी जखमी होणारी पोरं भरतात. मला या विषयात सगळ्यात जास्त काही टोचत असेल तर हेच.

साधं उदाहरण घ्या टूर्निकेटचं, म्हणजे हातापायाला करकचून आवळायचा तो पट्टा. हजारो वर्षं जुनी कल्पना. तरी अमेरिकन सैन्य २००१ मध्ये अफगाणिस्तानात उतरलं तेव्हा बहुतेक सैनिकांच्या खिशात धड टूर्निकेट नव्हता, कारण मधल्या काळात पट्ट्याने पाय कापावा लागतो ही भीती डॉक्टरांच्या डोक्यात बसली होती. मग परत शिकावं लागलं. २००१ ते २०११ मधल्या ४,५९६ अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूंचा नंतर एकेक करून अभ्यास झाला, त्यात दिसलं की पट्टे सगळ्यांना मिळाल्यावर हातापायातून रक्त जाऊन होणारे मृत्यू साधारण ८५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे जी सर्जननी पाठ करून ठेवावी अशी. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश असे होते की जखम बघता माणूस वाचू शकला असता, आणि अशांतले नव्वद टक्के रक्तस्रावाने गेले, त्यातही बहुतेक छाती-पोट-कंबर या भागातल्या, जिथे पट्टा बांधताच येत नाही. त्या रक्तस्रावावर एकच इलाज, उघडायचं आणि आत हात घालून थांबवायचं. लवकर. म्हणजे परत आपण त्या तंबूतल्या सर्जनच्या हातांपाशीच येतो.

मग शांततेच्या काळात रक्त वाहणारी माणसं कुठे सापडतात? मोठ्या शहराच्या सरकारी हॉस्पिटलात, शनिवारी रात्री. गोळ्या, सुरे, उंचावरून पडलेले कामगार, हायवेवरचे अपघात. अमेरिकेत जी हॉस्पिटलं चोवीस तास असा कुठलाही जखमी घ्यायला तयार असतात त्यांना लेव्हल वन ट्रॉमा सेंटर म्हणतात. लष्कराचा सर्जन तिथे पाठवा, एवढी साधी ही कल्पना. पण ती कागदावर यायलाही वेळ लागला. आखाती युद्धानंतर लष्करी डॉक्टरांच्या तयारीवर बरीच टीका झाली होती, तेव्हा १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने संरक्षण खात्याला सांगितलं की नागरी ट्रॉमा सेंटरमध्ये लष्करी डॉक्टरांना शिकवता येतं का ते करून बघा. त्यातून १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या बेन टॉब हॉस्पिटलात तिन्ही दलांचा मिळून प्रयोग सुरू झाला, आणि तिथे आलेल्या सर्जनना एका महिन्यात ट्रॉमाचे जेवढे पेशंट बघायला मिळाले तेवढे त्यांना आपापल्या लष्करी हॉस्पिटलात अख्ख्या वर्षात मिळाले नव्हते. मग २००१-०२ च्या सुमारास प्रत्येक दलाने आपापली जागा धरली. लष्कर मायामीच्या रायडर ट्रॉमा सेंटरमध्ये, नौदल लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात, हवाई दल बाल्टिमोरच्या शॉक ट्रॉमामध्ये आणि नंतर सेंट लुईस, सिनसिनाटीतही. सिनसिनाटीचं काम वेगळं आहे बरं का, तिथे विमानात आयसीयू चालवणाऱ्या टीम तयार होतात, कारण व्हेंटिलेटरवरचा पेशंट हवेतून आठ-दहा तास नेणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे.

मायामीचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे एकटा सर्जन जात नाही, अख्खी टीम जाते. सर्जन, भूल देणारा, नर्स, ऑपरेशन थिएटरचा (ओटीचा) टेक्निशियन, मेडिक, सगळे एकत्र, दोन आठवडे, नेमणुकीवर निघायच्या आधी. हे महत्त्वाचं का, तर या टीममधली निम्मी माणसं राखीव दलातून, वेगवेगळ्या शहरांतून आलेली असू शकतात आणि एकमेकांना जेमतेम ओळखत असतात. आणि पेशंट तर नेहमी टीमच्या हातात असतो, एकट्याच्या नाही. सर्जन पोट उघडत असताना रक्त लावायला कोण पळणार, प्रेशर पडलं हे मोठ्याने कोण सांगणार, सर्जन एकाच शिरेवर अडकून बसला तर त्याला "सर, वीस मिनिटं झाली" हे म्हणायची हिंमत कोण करणार, ज्युनिअर नर्सने केलेली हाक सिनिअर सर्जन ऐकतो का. हे सगळं पुस्तकात वाचून येत नाही आणि पुतळ्यावर सराव करूनही पूर्ण येत नाही. शेवटी शेवटी तर येणारे जखमी ही टीम स्वतः सांभाळते, तिथले अनुभवी डॉक्टर मागे उभे राहून बघतात आणि गरज पडली तर मध्ये पडतात.

आता तिथे नेमकं शिकतात काय यावर जरा थांबू, कारण युद्धाची सर्जरी म्हणजे नेहमीचीच सर्जरी पण घाईत, असा एक समज असतो आणि तो चुकीचा आहे. ही विचार करायची पद्धतच उलटी आहे.

नेहमीच्या ऑपरेशनला सर्जन काम पूर्ण करून बाहेर येतो. आतडं कापलं, जोडलं, टाके घातले, पोट बंद केलं, झालं. पण ज्याचं निम्मं रक्त गेलंय त्याच्या बाबतीत असं पूर्ण काम करत बसलात तर ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि पेशंट जातो. कारण तीन गोष्टी एकमेकींना ढकलत असतात. रक्त गेलं की शरीर थंड पडतं. पेशींना ऑक्सिजन मिळेना की रक्तात आम्ल वाढतं. थंड आणि आम्लयुक्त रक्त गोठत नाही. गोठलं नाही की अजून वाहतं, अजून वाहिलं की अजून थंड. पोट जितका वेळ उघडं तितकं हे चक्र जोरात फिरणार. म्हणून मग काय करायचं, तर अर्धवट काम करून बाहेर यायचं, मुद्दाम. मोठी धमनी फाटली असेल तर तिच्यात प्लास्टिकची नळी बसवून रक्त चालू ठेवायचं, जोडकाम नंतर. लिव्हर फुटलं असेल तर भोवती मॉप, म्हणजे कापडाच्या जाड घड्या, दाबून भरायचे. आतडं फाटलंय ना, दोन्ही टोकं बांधून टाका, घाण बाहेर यायची थांबली बस. पोट शिवायचंसुद्धा नाही, वरून नुसतं झाकायचं, आणि पेशंटला आयसीयूत नेऊन ऊब द्यायची, रक्त द्यायचं, आणि एक-दोन दिवसांनी परत नेऊन उरलेलं नीट करायचं. याला डॅमेज कंट्रोल सर्जरी म्हणतात.

हा शब्द मूळचा नौदलाचा. जहाजाला भोक पडलं की समुद्रात दुरुस्ती करत बसायची नाही, आधी बुडू द्यायचं नाही, कसंही करून बंदर गाठायचं. तो शब्द सर्जरीत आणला फिलाडेल्फियाच्या सर्जननी, १९९३ मध्ये, मायकेल रोटोंडो आणि विल्यम श्वाब यांच्या टीमने, आणि त्यांचे पेशंट होते शहरातल्या गोळीबारात पोटात गोळ्या लागलेले लोक. मोठी रक्तवाहिनी फाटलेली आणि शिवाय दोन किंवा जास्त अवयव जखमी, अशा पेशंटपैकी ज्यांचं लगेच सगळं काम पूर्ण केलं त्या ९ जणांत १ वाचला, आणि ज्यांचं असं अर्धवट करून थांबले त्या १३ जणांत १०. आकडे छोटे आहेत, मान्य, पण सर्जन लोकांची विचार करायची दिशा त्याने फिरली. पुढे इराक आणि अफगाणिस्तानात हीच पद्धत तंबूतल्या सर्जनची रोजची झाली, कारण तिथे तर पेशंट पुढच्या हॉस्पिटलात जाणारच असतो, पहिल्या सर्जनने फक्त त्याला तिथवर जिवंत पोचवायचं. बघा म्हणजे, शब्द जहाजावरून शहरात आला आणि शहरातून युद्धात गेला.

अर्धवट सोडून बाहेर यायचं हे ऐकायला सोपं वाटतं पण सर्जनच्या स्वभावाविरुद्ध आहे, आयुष्यभर त्याला नीटनेटकं काम शिकवलेलं असतं. कुठे थांबायचं हा निर्णय दहा मिनिटांत घ्यायचा असतो, आणि तो निर्णय घेणाऱ्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाशेजारी उभं राहून, त्याचे हात बघत, मग त्याच्यासमोर स्वतः घेऊनच अंगात मुरतो. नागरी ट्रॉमा सेंटर लष्कराला खरं काय देतं तर हे देतं.

पण सगळं देत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं कारण याविषयी बोलताना लोक फार लवकर खूश होतात.

एक तर शहरातल्या ट्रॉमा सेंटरमध्ये येणाऱ्यांत मोठा वाटा मुक्या माराचा असतो, गाडीची धडक, घरात पडलेले म्हातारे. त्यातल्या बहुतेकांना आज उघडावंच लागत नाही. स्कॅन करून लक्ष ठेवतात, किंवा रेडिओलॉजीवाले मांडीतून बारीक नळी घालून वाहणारी शीर आतून बंद करतात. पेशंटसाठी उत्तमच, पण शिकायला आलेल्या लष्करी सर्जनला उघडायची संधी त्यामुळे कमी, आणि तंबूत ना स्कॅन असतो ना ती नळी. म्हणून हॉस्पिटल निवडताना नुसते किती जखमी येतात हे बघून भागत नाही, गोळी किंवा सुऱ्याचे किती आणि ओटीत जाणारे किती हे बघावं लागतं. याच कारणासाठी कितीतरी देशांचे सर्जन वर्षानुवर्षं जोहान्सबर्गच्या बारागवनाथ हॉस्पिटलात जाऊन काम करत आलेत, भेदक जखमा तिथे इतक्या येतात.

दुसरं म्हणजे स्फोट. सुरुंगावर पाय पडलेल्या माणसाची जखम शहरात जवळजवळ दिसत नाही. दोन्ही पाय गेलेले, कंबरेचं हाड उघडलेलं, माती, बुटाचे तुकडे आणि कपडे स्नायूंत वरपर्यंत घुसलेले, आणि मेलेला स्नायू किती कापायचा हा निर्णय रोज नव्याने घ्यायचा. तिसरं, विस्तार. मोठ्या शहरात डोक्याला न्यूरोसर्जन, रक्तवाहिनीला व्हॅस्क्युलर सर्जन, फोन केला की हजर. तंबूत जो जनरल सर्जन हाताशी असेल त्यानेच कवटीला भोक पाडायचं, मोडलेल्या हाडाला बाहेरून सळया लावायच्या, भाजलेल्याची कातडी चिरून दाब मोकळा करायचा, कधी गावातली अडलेली बाई आली तर सिझेरियनही करायचं. आणि आजची सर्जरीची ट्रेनिंग जसजशी बारीक बारीक शाखांत वाटली जातेय तसतसा असा सगळं थोडंथोडं येणारा सर्जन दुर्मिळ होत चाललाय.

ही भोकं बुजवायला वेगळे उपाय करतात. दान केलेल्या मृतदेहांवर एका दिवसाचा कोर्स असतो, शरीरातल्या प्रत्येक मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पटकन कसं पोचायचं एवढंच त्यात शिकवतात, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो तयार केलाय. ब्रिटिशांची पद्धत अशी की आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञांचा एकत्र कोर्स, मग यॉर्कजवळ स्ट्रेन्सॉलला फील्ड हॉस्पिटल आतून जसंच्या तसं उभं करून त्यात सगळ्या युनिटची तालीम, खोटे जखमी, खऱ्या वेळा.

ब्रिटनचं उदाहरण वेगळ्या अर्थानेही बघण्यासारखं आहे, कारण त्यांनी नव्वदच्या दशकापासून आपली लष्करी हॉस्पिटलं एकेक करून बंदच केली. हॅस्लर हे शेवटचं, २००७ मध्ये लष्कराने ते सोडलं. तेव्हा त्यावर खूप राग निघाला होता आणि तो समजण्यासारखा होता, जखमी सैनिकाला आपल्या लोकांत असल्यासारखं वाटणं हीसुद्धा उपचाराचीच गोष्ट आहे. पण परिणाम असा झाला की त्यांचे लष्करी डॉक्टर वर्षभर नागरी आरोग्यसेवेच्या हॉस्पिटलांत काम करतात, तिथेच ड्यूट्या, तिथेच इमर्जन्सी, आणि बोलावणं आलं की युद्धावर. बर्मिंगहॅममध्ये २००१ साली रॉयल सेंटर फॉर डिफेन्स मेडिसिन सुरू झालं, आणि अफगाणिस्तानातून आलेले जखमी याच शहरातल्या नागरी हॉस्पिटलात आले. इस्रायलकडे तर लष्कराची वेगळी मोठी हॉस्पिटलंच नाहीत, बहुतेक सर्जन नागरी हॉस्पिटलातले, राखीव दलाचे. फ्रान्सने आणि जर्मनीने उलटा रस्ता धरला, लष्करी हॉस्पिटलं ठेवली पण दारं सामान्य लोकांना उघडली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये हल्ले झाले तेव्हा पर्सी आणि बेजां या लष्करी हॉस्पिटलांनीही जखमी घेतले. अमेरिकेतही सॅन अँटोनिओचं ब्रूक आर्मी मेडिकल सेंटर नागरी जखमी घेणारं लेव्हल वन सेंटर आहे. रस्ते वेगळे आहेत, पण कुठल्याही रस्त्याने गेलं तरी पेशंट नागरीच.

अमेरिकेत अलीकडे जो मुख्य बदल झाला तो मुदतीचा. दोन आठवड्यांत पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला पूर्ण जबाबदारी कोण देणार? अर्धा वेळ तर कार्ड बनवण्यात आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड मिळवण्यात जातो. आणि दोन आठवड्यांत शिकलेलं सहा महिन्यांनी किती उरतं? म्हणून आता काही टीम दोन-तीन वर्षांसाठी नागरी हॉस्पिटलातच नेमतात. हवाई दलाच्या स्पेशल ऑपरेशन्सच्या सर्जिकल टीम अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात अशाच कायमच्या असतात, लष्कराने कॅम्डेन आणि पोर्टलंडपासून हा प्रकार सुरू केला. तिथले डॉक्टर त्यांना आपलेच सहकारी मानतात, नाइट ड्यूटीच्या यादीत त्यांचं नाव असतं. माझं स्पष्ट मत असं की हाच खरा मार्ग, आणि दोन आठवड्यांचा कोर्स हा निघायच्या आधी टीम जुळवण्यापुरता ठेवावा, त्याच्याकडून कौशल्य घडवायची अपेक्षा धरू नये.

बरं, नागरी हॉस्पिटलाला यातून काय मिळतं? एक तर फुकटात कसलेले हात, हे उघड आहे. पण त्याहून मोठं म्हणजे युद्धात शिकलेलं ज्ञान परत येतं. रक्ताचंच बघा. पूर्वी खूप रक्त गेलेल्याला आधी सलाइन, मग लाल पेशी, आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा द्रव, ज्यात रक्त गोठवणारे घटक असतात, तो बराच नंतर. बगदादच्या लष्करी हॉस्पिटलातल्या २४६ पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ज्यांना लाल पेशींच्या मानाने प्लाझ्मा अगदी कमी मिळाला त्यांच्यातले ६५ टक्के गेले आणि ज्यांना जवळपास बरोबरीने मिळाला त्यांच्यातले १९ टक्के. हे २००७ मध्ये छापून आलं. पण युद्धातल्या नोंदींत एक गोची असते, जो आधीच मेला त्याला प्लाझ्मा लावायला वेळच मिळालेला नसतो, मग आकडे फसवू शकतात. म्हणून १२ नागरी ट्रॉमा सेंटरांत ६८० पेशंटवर रीतसर चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. एकूण मृत्यूंत दोन गटांत ठाम फरक दिसला नाही, पण पहिल्या २४ तासांत रक्त जाऊन मरणारे समान प्रमाण दिलेल्या गटात कमी होते, ९.२ विरुद्ध १४.६ टक्के. युद्धाने शंका दिली, शहराने तपासली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं नेमकं उलटं झालं, हे रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारं साधं स्वस्त औषध, त्याची मोठी चाचणी आधी ४० देशांतल्या २० हजारांवर नागरी जखमींवर झाली, २०१० मध्ये, आणि नंतर अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश लष्करी तळावरच्या हॉस्पिटलाच्या नोंदींतही फायदा दिसला. टूर्निकेट तर आता २०१५ पासूनच्या स्टॉप द ब्लीड मोहिमेतून शाळामास्तरांनासुद्धा शिकवतात.

माणसंही दोन्हीकडून गेली. इराक युद्धाच्या काळात अमेरिकेतले नावाजलेले नागरी ट्रॉमा सर्जन जर्मनीतल्या लांडस्टूलच्या लष्करी हॉस्पिटलात दोन-दोन आठवडे जाऊन काम करायचे, शिकवायला आणि शिकायलाही. आणि २०१७ च्या १ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये गाण्याच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला तेव्हा तिथल्या युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये जवळच्या नेलिस तळावरचे हवाई दलाचे डॉक्टर आधीपासूनच कामाला होते, त्या रात्री जखमींवर उपचार करणाऱ्यांत तेही होते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने म्हटलं होतं की दुखापतीने होणाऱ्या मृत्यूंतले पाचातला एकपर्यंत टाळता आले असते, वर्षाला सुमारे ३० हजार, आणि त्यासाठी लष्करी आणि नागरी ट्रॉमाची एकच व्यवस्था हवी. तो अहवाल निघाला, २०१९ मध्ये कायद्यात तरतूदही झाली की लष्करी टीम घेणाऱ्या ट्रॉमा सेंटरांना पैसे द्यावेत. तरतूद होणं आणि पैसे पोचणं यात मात्र अंतर असतं.

अडचणी फार रुक्ष आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे लक्ष जात नाही. लष्करी सर्जनकडे दुसऱ्या राज्याचं लायसन्स, नर्सला तर काय करायची परवानगी आणि काय नाही यावरच महिने जातात, मेडिकला लष्करात छातीत नळी घालायला शिकवतात आणि नागरी हॉस्पिटलात त्याला साधी सुई टोचायला परवानगी नसते. चूक झाली आणि खटला झाला तर जबाबदार कोण. टीमला अचानक बोलावणं आलं तर हॉस्पिटलच्या ड्यूट्या कोण करणार. आणि तिथले स्वतःचे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ सर्जन, त्यांनाही तेच पोट उघडायला शिकायचंय, पेशंट एक आणि शिकणारे चार.

पेशंटबद्दलही विचारायला हवं. गोळी लागून बेशुद्ध आलेल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं की तुझ्यावर लष्कराने सराव केला तर चालेल का. याचं उत्तर असं की हा सराव नसतो, पूर्ण शिकलेला सर्जन तिथल्या वरिष्ठांच्या देखरेखीत उपचार करतो, आणि ते तसंच राहिलं पाहिजे, त्यात ढिलाई चालणार नाही. तरी एक बोच राहतेच. अमेरिकेत हे शिक्षण ज्या जखमांवर चालतं त्या मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या अंगावरच्या गोळ्या आहेत. त्या कमी व्हाव्यात असंच कुणालाही वाटेल, मलाही वाटतं, आणि त्या कमी झाल्या तर सर्जननी शिकायचं कुठे हा प्रश्न तेव्हा आनंदाने सोडवू.

सध्या जाणकारांना जास्त काळजी आहे ती वेगळीच. इराक-अफगाणिस्तानात आकाश अमेरिकेच्या ताब्यात होतं. २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आदेश काढला की जखमी एका तासाच्या आत सर्जनपर्यंत पोचला पाहिजे, आणि जखमीला हेलिकॉप्टरने पोचवायला लागणारी वेळ (मध्यक) ९० मिनिटांवरून ४३ वर आली. युक्रेनमध्ये २०२२ पासून जे चाललंय तिथे हेलिकॉप्टर आघाडीजवळ येऊच शकत नाही, वर ड्रोन घिरट्या घालतात, जखमीला रात्र पडायची वाट बघावी लागते. मग पाय वाचवणारा टूर्निकेटसुद्धा तासनतास तसाच राहिला की पाय घेऊन जातो. आणि तंबूतल्या टीमला ऑपरेशन झालेला, उघड्या पोटाचा, व्हेंटिलेटरवरचा पेशंट दोन तास नाही, दोन-तीन दिवस सांभाळावा लागू शकतो. हे काम सर्जनचं नाही, आयसीयू नर्सचं आहे. किडनी बंद पडायला लागली हे लघवीच्या पिशवीकडे बघून ओळखणं, औषध संपत आलं तर उरलेलं कुणासाठी ठेवायचं, पहाटे चारला प्रेशर उतरलं तर आधी काय करायचं. लष्करी हॉस्पिटलात एवढे गंभीर पेशंट नसतात, त्यामुळे तिचीही गत सर्जनसारखीच होते. म्हणून आता कुठल्याही हॉस्पिटलाशी करार करताना पहिला प्रश्न सर्जनला किती ऑपरेशनं मिळणार हा असला तरी दुसरा हा असायला हवा की आमच्या नर्सला रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरचा पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर मिळणार का, आणि आठवड्यात किती रात्री.